लाइटवाल्याचा फोटो

पंढरी गेला तो आषाढात, लग्नाची एकही तीथ नसताना. बातमी कळली तेव्हा रविकांतच्या मनात पहिला विचार हाच आला, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटली. पण विचार खोटा नव्हता. एकोणीस वर्षं त्याच्या लग्नाच्या शूटिंगला लाइट धरणाऱ्या पंढरीनं त्याचा सीझन कधी खराब केला नव्हता, मरतानाही केला नाही. भीमपूरच्या मीसेवा केंद्रात तो पोरीच्या स्कॉलरशिपसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेला होता. रांगेतून बाजूला होऊन भिंतीला टेकून बसला. त्याचा नंबर पुकारला गेला तेव्हा उठला नाही. पुढच्या माणसानं त्याचा नंबर घेतला आणि मग कुणीतरी त्याला हलवून पाहिलं.

आठव्या दिवशी त्याची पोरगी सपना आदिलाबादला रविकांतच्या दुकानात आली. 'मयूरी फोटो अँड व्हिडिओ' हे दुकान कापूस बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर. लग्नसराईत शूटिंग, एरवी पासपोर्ट फोटो आणि लोकांच्या बिघडलेल्या हार्ड डिस्का. रविकांतची बायको दीपमाला काउंटरवर फोटो कापत बसली होती. तिनं कात्री ठेवली आणि पोरीला पाणी दिलं.

"काका, बाबाचा फोटो पायजे," सपना म्हणाली. "तेरवीले ठेवाले. घरी एवढाच हाय."

तिनं आधार कार्ड काढून काचेवर ठेवलं. आधारच्या कॅमेऱ्यापुढं सज्जनातला सज्जन माणूस बसला तरी फरारी दिसतो. पंढरी तर पकडून आणल्यासारखा दिसत होता.

"तुया मोबाइलवर नाई का एखादा?"

"काढाले गेली का तोंडापुढं हात धरत. मनत, लाइट बराबर नाई, उद्या काढू."

"काई काळजी करू नको," रविकांत म्हणाला, आणि धंद्याच्या सवयीनं त्यानं आधारचा फोटो स्कॅन केला, चेहरा उजळला, केस काळे केले आणि गळ्याखाली निळा कोट चिकटवला. हा कोट त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बारा वर्षांपासून होता. जिल्ह्यातले निम्मे पूर्वज त्या एकाच कोटात भिंतीवर चढले होते.

सपनानं स्क्रीनकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे बाबा नाई वाटत, काका. हे तहसीलदार वाटते."

दीपमाला हसली, मग तिनं पदर तोंडाला लावला.

"आई मनते, रविभाऊकडं असतीनच," सपना म्हणाली. "एकोनीस वर्सं लग्नाच्या व्हिडिओतच तर होते."

"असतीन मनजे?" रविकांत म्हणाला. "पाच डिस्का भरल्या हाय. तू परवा ये."

ती गेल्यावर दीपमालानं पुन्हा कात्री उचलली. "माया बहिनीच्या लग्नात तुमी त्यायले सगळ्यायच्या मागून जेवाले बसवलं होतं. फोटो काढाची आठवन कवा झाली तुमाले?"

"त्याचं कामच तसं होतं."

"हो ना. तुमचं कामच तसं होतं."

रविकांतनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून पाच डिस्का काढल्या आणि पहिलीची वायर जोडली.

प्रत्येक लग्नाचा एक फोल्डर. त्याच्यावर नवरदेवाचं नाव, गाव, तारीख. नवरीचं नाव सुद्धा कुठं नव्हतं, तिथं लाइटवाल्याचं कुठून असणार? तरीही त्यानं शोधाच्या चौकटीत 'पंढरी' लिहिलं. कॉम्प्युटरनं दोन मिनिटं विचार करून तीन पंढरी दिले. तिन्ही नवरदेव, तिन्ही फेटेवाले, तिन्ही जिवंत. कॉम्प्युटर फायलीच्या नावात पाहतो, फायलीच्या आत कोण उभं आहे ते पाहत नाही. हे रविकांत गिऱ्हाइकांना नेहमी समजावून सांगत असे.

मग तो लग्नं पाहत बसला. दिवसभर पाहिली. हळद, वरात, मंगलाष्टकं, कन्यादान, पंगत. पंढरी कुठंच नव्हता. व्हिडिओवाल्याच्या धंद्यात दोन पापं. एक, नवरीची आई रडताना बॅटरी संपणं. दुसरं, लाइटवाला फ्रेममध्ये दिसणं. पहिलं रविकांतच्या हातून दोनदा घडलं होतं. दुसरं त्यानं घडू दिलं नव्हतं. "पंढरी, बाजूला हो" हे वाक्य त्यानं बायकोच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं असेल. एवढं करूनही पंढरीचा एखादा कान, एखादा खांदा आत आलाच, तर एडिटिंगला बसून तो कापून टाकायचा. आता त्याला कळलं की हे काम आपण फार नेटकं केलं आहे. नार्नूरच्या एका लग्नात मंडपाच्या कापडावर एक सावली सापडली, हात वर केलेली. ती कापायची राहून गेली होती.

कापलेला माल सापडला असता तर काम झालं असतं. पण जागा करायला तो मूळ शूटिंग पुसून टाकायचा. फक्त पाचव्या, काळ्या डिस्कवर कोरोनानंतरच्या दोन सीझनचं मूळ शूटिंग तसंच पडून होतं. लोक अल्बमवरून भांडत होते, म्हणून पुसलं नव्हतं.

काळी डिस्क जोडल्यावर आतून टिक टिक असा आवाज आला. कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करू का? रविकांत "नाई रे बाबा" असं मोठ्यानं म्हणाला. त्यानं वायर बदलली. पुढच्या सॉकेटमधून काढून मागच्या सॉकेटमध्ये लावली, तिथं वीज जरा जास्त मिळते. तिसऱ्या वेळेला डिस्क उघडली. फोल्डर दिसले, आणि फोल्डरवर टिचकी मारली की कॉम्प्युटर गप्प बसे. मग त्याची पाटी आली: या डिस्कमध्ये दोष आहेत, तपासून दुरुस्त करू का?

अशा वेळी काय करायचं ते रविकांतइतकं आदिलाबादेत कुणाला माहीत नव्हतं. शाळामास्तर, डॉक्टर, कापसाचे व्यापारी डिस्का घेऊन यायचे तेव्हा तो बोट वर करून सांगायचा: आधी माल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, दुरुस्ती मग. आजारी डिस्कवर दुरुस्ती चालवली तर ती वाचता न येणारे तुकडे कापून टाकते आणि म्हणते, घ्या, आता दोष नाही. हे तो चहा पिता पिता सांगायचा आणि लोकांना पटायचं.

त्यानं माल उतरवायला लावला. दोन तासांत शंभरातला एक भागही पुरता उतरला नाही. खाली वेळ दिसत होती: अकरा दिवस शिल्लक. तेरवी चार दिवसांवर होती आणि सपना उद्या येणार होती. 'असतीन मनजे?' असं तो तिला म्हणाला होता.

भर दुपारी, चहा समोर असताना, शुद्धीत असताना त्यानं उतरवणं बंद केलं आणि 'दुरुस्त करा' दाबलं.

"उतरवून घेतलं ना आधी?" दीपमालानं विचारलं. बावीस वर्षांच्या संसारात एवढं तिलाही पाठ झालं होतं.

"हो," रविकांत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तेव्हा दुरुस्ती झालेली होती. आता दोष नाही, अशी पाटी होती. टिक टिक चालू होती. सगळे फोल्डर पटापट उघडत होते, आणि निम्मे रिकामे होते. एक नवा फोल्डर आला होता. त्यात सहा हजार तुकडे, नाव नाही, तारीख नाही, फक्त नंबर. एखाद्या गावाची सगळी घरं पाडून विटा रचून ठेवाव्यात तशी रचना होती. व्यवस्थितपणाला तोड नव्हती.

रविकांतनं तुकड्यांच्या नावांना '.mp4' हे व्हिडिओचं शेपूट जोडलं आणि एकेक चालवू लागला. कुणाचा घोडा, कुणाचं अर्धं मंगलाष्टक. मग त्यानं सगळे आकारानं लावले, लहान आधी, आणि लहानांपैकी पहिला चालवला.

स्क्रीन पूर्ण पांढरी झाली. त्याला वाटलं, हाही गेला. मग पांढऱ्याच्या कडेला एक अंगठा दिसला, नखाजवळ भाजलेला. हॅलोजनच्या काळात भाजलेला.

पांढरं म्हणजे काय ते कॅमेऱ्याला प्रत्येक लग्नाआधी दाखवावं लागतं. नाही दाखवलं तर नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. त्यासाठी पंढरी कॅमेऱ्यापुढं उभा राहून दोन हातांनी कोरा कागद तोंडासमोर धरायचा, आणि रविकांत चार सेकंद शूट करून रंग तपासायचा. म्हणजे प्रत्येक लग्नाच्या आरंभी, गणपतीच्याही आधी, फ्रेमच्या बरोबर मध्यभागी पंढरी होता. एकोणीस वर्षं. कागदामागं.

रविकांतनं दुसरा तुकडा लावला. पांढरं. मागून सनईचं रेकॉर्डिंग.

"झालं का, भाऊ?" कागद म्हणाला.

"हलू नको," रविकांतचा आवाज.

"मी नाई हलून राह्यलो. वारा हाय."

तिसरा. "भाऊ, यायच्याकडं बुंदी हाय का जिलेबी?" "हलू नको."

चौथा, सातवा, बारावा. दीपमाला कात्री ठेवून मागं येऊन उभी राहिली होती. एकोणिसाव्यात पंढरी म्हणाला, "सपनाले सायकल घेतली, भाऊ. लाल." तेव्हा आपण काहीतरी बोललो असू, असं रविकांतला वाटलं. कुठल्या दुकानातून, असं तरी. त्यानं कान लावला. आवाज आला: "हलू नको."

असे एक्केचाळीस निघाले. चाळिसांत कागद खाली यायच्या आधीच शूटिंग बंद. बॅटरी वाचवायची शिस्त रविकांतनं स्वतःला लावून घेतली होती. एक्केचाळिसावा मात्र नऊ सेकंदांचा होता. मंडपात अचानक वीज गेली होती, लोक ओरडत होते, तो बंद करायला विसरला असावा. मग वीज आली. पाचव्या सेकंदाला कागद खाली सरकू लागला. केस दिसले. कपाळ दिसलं, आणि कपाळाला लावलेला अष्टगंध. भुवया दिसल्या.

तिथं चित्र अडकलं. खालच्या अर्ध्यात हिरवे चौकोन भरले आणि पाटी आली: पुढचा भाग वाचता येत नाही.

त्यानं दुसरं सॉफ्टवेअर लावलं, मग तिसरं. शेवटी तुकडा उघडून आतले आकडे पाहिले. पाचव्या सेकंदानंतर नुसती शून्यं होती, ओळीच्या ओळी. डिस्क आपणहून एवढी सारखी शून्यं लिहीत नाही. दुरुस्ती लिहिते. काल दुपारपर्यंत तिथं नाक होतं, डोळे होते, कदाचित हसूही असेल. कदाचित नसेलही. पण या 'कदाचित'वर आता त्याला उरलेला जन्म काढायचा होता.

दुपारी सपना आली. त्यानं तिला सगळं दाखवलं आणि सगळं सांगितलं. एवढं मात्र त्यानं केलं.

"काका," ती म्हणाली, "आधी कॉपी घ्याची असते ना? आमाले फर्स्ट इयरलेच शिकवते."

"हो."

"मंग काऊन नाई घेतली?"

दीपमालानं नवऱ्याकडं पाहिलं. अकरा दिवस दाखवत होतं, तेरवी जवळ होती, असं सांगता आलं असतं. रविकांत म्हणाला, "घाई केली."

सपनानं मान हलवली. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आईले तुमीच सांगा. मी नाई सांगत."

तेरवीच्या आदल्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन मोटरसायकलवर पंढरीच्या गावी गेला. पंढरीची बायको देवकाबाई भिंतीशी बसली होती. तिच्यापुढं त्यानं लॅपटॉप उघडला, तेव्हा शेजारच्या बायाही सरकून जवळ आल्या.

"हे काय हाय?" देवकाबाईनं विचारलं. "पांढरंच दिसते."

"कागद हाय, वैनी. त्याच्यामागं पंढरी हाय."

"झालं का, भाऊ?" लॅपटॉप म्हणाला.

एका बाईनं तोंडावर हात धरला. देवकाबाई पुढं वाकली. तिनं स्क्रीनवरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं, तसं काचेवर बोटाचा ठसा उमटला, आणि तो तिनं पदरानं पुसला. तिनं एक्केचाळीसही पाहिले. सायकलचा आला तेव्हा सपना उठून अंगणात गेली. शेवटच्यात कागद सरकला, कपाळ आलं, भुवया आल्या, आणि हिरवे चौकोन आले.

"वैनी, याच्या पुढं तोंड होतं," रविकांत म्हणाला. "मायाच हातानं गेलं. आधी उतरवून घ्याले पायजे होतं, मी नाई घेतलं." मग तो डिस्क, तुकडे, शून्यं असं काहीतरी सांगू लागला. बोट वर करून सांगतोय हे लक्षात आल्यावर त्यानं हात खाली घेतला.

देवकाबाईला त्यातलं किती कळलं, कोण जाणे. "पुन्ना लावा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा लावलं. कपाळ, भुवया, चौकोन.

"पुन्ना लावा."

तिसऱ्या वेळेस कागद हलू लागला तसा तिनं स्क्रीनवरून नजर काढली आणि रविकांतकडं पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात एखादी वस्तू मागावी तशी ती बोलली.

"भाऊ, तुमी मना ना त्यायले, कागद पुरा खाली घे मनून. आमचं नाई आयकत ते. तुमचं आयकते."

बाया त्याच्याकडं पाहत होत्या. रविकांतनं तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.