पट्टा बांधायची जागा

पुण्याच्या विमानतळावर हेमाच्या लाडू-चिवड्याच्या स्टॉलसमोरून दिवसाला हजारो माणसं जात, आणि थांबत नसे कुणीच. सिक्युरिटीतून सुटलेला माणूस मान वर करून गेटचा नंबर शोधत निघायचा. खाली लाडू आहेत हे त्याच्या गावीही नसायचं. दुकानांवर देखरेख करणाऱ्या सौमित्रने तिला टॅबवर नकाशा दाखवला. माणसं थांबतात तिथे लाल, नुसतीच चालत पुढे जातात तिथे निळं. हेमाचा कोपरा निळाशार होता. शुक्रवारपर्यंत रंग बदलला नाही, तर तिथे पाय दाबायची खुर्ची येणार होती.

घरी चार वर्षांची ओवी रोज संध्याकाळी विचारायची, "आई, आज कोणी थांबलं?" हेमा तिला लाडू भरवायची आणि विषय बदलायची.

सासरे दीनानाथ यांनी बुधवार पेठेत अडतीस वर्षं वह्या-पेनांचं दुकान चालवलेलं. हाका मारून बघू का, असं हेमाने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "बोलावलेलं गिऱ्हाईक घासाघीस करतं."

गुरुवारी ते लेकीकडे नागपूरला निघाले, आयुष्यात पहिल्यांदा विमानाने. सिक्युरिटीतून बाहेर आले ते एका हातात पट्टा, दुसऱ्या हाताने पँट धरलेली, काखेत पिशवी आणि दातात बोर्डिंग पास. पिशवीत दगडूशेठचा प्रसाद, म्हणजे ती जमिनीवर ठेवायची सोयच नाही. त्यांनी ती पाससकट सुनेच्या काउंटरवर ठेवली आणि ऐन वाटेत उभे राहून सावकाश पट्टा ओवू लागले.

गर्दी त्यांना वळसा घालून काउंटरला खेटून जाऊ लागली. मागच्या एकाने काउंटर पाहून आपलीही बॅग टेकवली, मग आणखी तिघांनी. इथे सामान ठेवू नका, हे हेमाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पट्टा बांधताना मान आपोआप खाली जाते, आणि खाली लाडू होते. एकाने विचारलं, डिंकाचे आहेत का?

सौमित्र धावत आला. वाट अडतेय, आजोबांनी जरा बाजूला व्हावं, अशी त्याने विनंती केली.

"पट्टा बांधतोय," दीनानाथ म्हणाले. "अर्धवट सोडून बाजूला झालो, तर आपल्यालाच बघवणार नाही. तोवर नकाशात बघा, माझा रंग कोणता आलाय."

सौमित्रने टॅब पाहिला. निळ्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटला होता.

दुसऱ्या दिवशी दीनानाथ नव्हते. हेमाने बरण्या मागे सरकवून हातभर काउंटर मोकळा केला आणि पुठ्ठ्यावर लिहिलं : 'पट्टा इथे बांधावा. लाडू घेतलाच पाहिजे असे नाही.'

दुपारपर्यंत कोपरा लालभडक झाला. डिंकाचे लाडू संपले. पाय दाबायची खुर्ची तिसऱ्या गेटकडे गेली.

संध्याकाळी ओवीने विचारलं, "आई, आज कोणी थांबलं?"

"खूप जण थांबले," हेमा तिला मांडीवर घेत म्हणाली. "सगळे पँट धरून."

ओवी इतकी हसली, की तोंडातला लाडू आईच्या साडीवर सांडला.