खाडीची साक्ष देणारा रंग

मित्रांनो, रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, तपकिरी कुपीच्या तळाशी उरलेला एक जुना रंग म्हणजे मी. नावाला रंग, पण जन्मतः मला रंगच नव्हता. जिवंत पेशीत शिरायचे आणि तिथे एखाद्या विषामुळे ऑक्सिजनची घातक रूपे वाढलेली असली, तर निळ्या प्रकाशात हिरवे चमकायचे, एवढेच माझे काम. मला गारठा आणि अंधार लागतो. उजेडात राहिलो तर मी बिघडतो आणि कारण नसतानाही चमकू लागतो.

मला मागवले आम्रपालीने. ती खाडीकाठच्या गावातली, संशोधन करणारी मुलगी. तिची आई येसूबाई ओहोटीला, तिच्या बोलीत सुकतीला, चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायची. वरच्या अंगाला कारखाना आला आणि तिसऱ्या मरू लागल्या, बायकांचे पाय फोडांनी भरले. आम्रपालीने त्या तिसऱ्यांच्या पेशींवर माझे थेंब सोडले. मी लख्ख चमकलो. दुसऱ्या, स्वच्छ खाडीतल्या तिसऱ्यांच्या पेशींत मात्र काळोखच राहिला. तिच्या मार्गदर्शक वेदिका मॅडमनी तो फरक तीनदा पाहिला आणि तिची पाठ थोपटली. तेव्हा मला फार अभिमान वाटला.

गावाने कारखान्याविरुद्ध तक्रार केली. चौकशी समितीने एका सोमवारी आपल्यासमोर पुन्हा चाचणी करायला सांगितले.

त्याआधीच्या शुक्रवारी येसूबाई चिखलात चक्कर येऊन पडल्याचा फोन आला. आम्रपाली तशीच धावली. मी खिडकीपाशी काचेच्या नळीत उघडाच राहिलो. तीन दिवस ऊन माझ्यावर पडत होते.

सोमवारी ती परतली. मी पिवळसर झालेला पाहून तिचा चेहरा उतरला. कुपीत माझे दोनच थेंब उरले होते, ते पुरणार नव्हते. मॅडमनी पुढची तारीख मागितली. समितीने दिली नाही. शेवटी तिने नळीतल्या मलाच वापरले.

मी दोन्ही खाड्यांच्या पेशींत सारखाच चमकलो. मित्रांनो, मी खोटी साक्ष दिली.

"मग स्वच्छ खाडीही दूषितच म्हणायची का?" समितीच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले आणि 'आरोप सिद्ध होत नाही' असे लिहून सही केली.

येसूबाई दाराशी उभी होती. पायांना फडकी बांधलेली. सगळे गेल्यावर तिने विचारले, "कागदावर लिवलान ना, खाडीत काय नाय म्हणून? मग उद्या सुकतीला जातंय मी."

"आये, नको जाऊ. चूक माझ्या हातून झाली. खाडी तशीच आहे."

"मग खायचा काय?"

येसूबाई गेली. दुसऱ्या दिवशी गावातल्या साऱ्या बायका पुन्हा चिखलात उतरल्या.

आम्रपालीने नवा रंग मागवला आहे, पण समिती पुन्हा येणार नाही. मी या कुपीत पडून आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या प्रयोगशाळेत जाल. कितीही घाई असली, तरी माझ्यासारख्याला आधी झाकून अंधारात ठेवा. हे मी माझ्यासाठी मागत नाही. माझ्या एका चुकीच्या चमकण्यावर कुणीतरी आपले पाय त्या चिखलात घालणार असते.