माझं दावं तात्यासाहेबांच्या गोठ्यात

चिकलठाण्याच्या विमानतळावर कुंपणाकडे नाक करून उभा असलेला आठ माणसांचा छोटा जेट मी, आज जरा मोकळेपणाने बोलतोय. हो, खासगी विमान. बड्या लोकांचं. पण दचकू नका. माझ्या चाकांवर लिंबाचे डाग आहेत आणि नाकावर हळदकुंकू, म्हणजे मी तुमच्यातलाच.

जन्म माझा लांबच्या थंड मुलखातला. पहिला मालक बिस्किटं विकायचा. दुसरा दिल्लीचा बिल्डर. तो खिडकीतून खाली बघायचा ते मोकळी जमीन कुठे दिसते का, एवढ्यासाठीच. दोघांनीही मला विकलं तेव्हा मागे वळून पाहिलं नाही.

मग आले तात्यासाहेब. करोनाची साथ नुकतीच ओसरली होती आणि परक्या माणसाशेजारी बसायला श्रीमंतांना भीती वाटत होती. जुनी विमानं गरम जिलबीसारखी खपायची. तात्यांनी मला नुसत्या फोटोवर पसंत केलं. सून बघायलाही माणसं याहून जास्त वेळ लावतात.

तात्या मूळचे शेतकरी. जमीन कारखान्यांत गेली तसे स्वतःही कारखानदार झाले आणि स्कूटरचे सुटे भाग बनवू लागले. मी इथे उतरलो त्या दिवशी त्यांनी माझ्या पोटावर थाप मारली आणि नाव ठेवलं पांढऱ्या. मग पायाखालच्या जागेकडे बघत म्हणाले, "हितं आमच्या आज्याचं खळं व्हतं. आता आपल्याच खळ्यात हुबं ऱ्हायला भाडं भरायचं. घ्या!"

उडण्यापेक्षा माझं दाखवणंच जास्त झालं. सोयरेधायरे यायचे, आत बसून फोटो काढायचे, चिवडा खायचे आणि उतरून घरी जायचे. माझ्या सीटांच्या फटीत अजून शेंगदाणे सापडतील. एका पोळ्याला तर तात्यांनी माझ्यासाठी झूल शिवायला टाकली होती. पायलटने हात जोडले म्हणून वाचलो.

मग वारं फिरलं. इलेक्ट्रिक स्कूटरी आल्या आणि त्यांचे भाग आमच्या जुन्या मशीनवर निघेनात. कारखाना आता तात्यांची लेक तनुजाताई बघतात. त्या स्पष्टच म्हणाल्या, "बाबा, पांढऱ्या विकला तरच नव्या मशीन येतील. नाहीतर माणसं घरी बसवावी लागतील." तात्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला. मग म्हणाले, "इका."

पण बाजार पहिला राहिला नव्हता. जो तो विकायलाच बसलेला. गिऱ्हाईक यायचं, माझ्या इंजिनात कॅमेरा घालायचं, नाक मुरडायचं आणि "कळवतो" म्हणून निघून जायचं. भाव उतरत चालला. त्यात तात्या येईल त्याला आधी माझ्या खोडी सांगायचे. "दार पावसात रुसतं बरं का. एसी त्याच्या मनात आलं तरच चालतो." तनुजाताई कपाळाला हात लावायच्या. तात्या म्हणायचे, "खोड लपवून जनावर इकलं, तर पुन्हा बाजारात तोंड कसं दाखवायचं?"

शेवटी मेघाताई आल्या. शहरातल्या छावणी भागातल्या. आजारी माणसांना विमानाने मोठ्या दवाखान्यात पोचवायचं त्यांचं काम. माझ्या खोडी ऐकून त्या मनापासून हसल्या. तेवढ्यात तात्यांनी खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात पुढे केला. तनुजाताई "बाबा!" म्हणून पुढे झाल्या. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून सांगतात. पण विमानाचा सौदा असा करतात का? मेघाताईंनी मात्र शांतपणे उपरण्याखाली हात घातला. "आमचा आजा कडुबा छावणीच्या बाजारात दलाल होता, तात्या. बोटं मला बी कळतेत."

उपरणं बराच वेळ हलत राहिलं. बोटं दाबली गेली, झटकली गेली, पुन्हा धरली गेली. वकिलांनी नंतर पानंच्या पानं टाइप केली, पण मी विकला गेलो तो त्या उपरण्याखाली. मेघाताईंनी एकच अट घातली, "शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पांढऱ्या माझ्या ताब्यात पायजे. नाय तर सौदा मोडला. मला दुसरं इमान सस्तात मिळायलंय."

शुक्रवारी सकाळी सगळे जमले आणि कळलं, टो-बार गायब! टो-बार म्हणजे माझ्या नाकाखालच्या चाकाला अडकवायचा लोखंडी दांडा. तो लावून ट्रॅक्टर मला ओढतो. मला आपलं आपण मागे जाता येत नाही, समोर कुंपण, आणि दुसऱ्या विमानाचा दांडा मला बसत नाही. शोधाशोध सुरू झाली. तात्या तेवढे उपरण्याशी चाळा करत उभे.

"बाबा," तनुजाताईंना संशय आला, "तुम्ही नेला?"

"नेला. गोठ्यात टांगलाय. हळदकुंकू बी वाह्यलंय."

"कामून पण?"

"जनावर इकलं तरी दावं देत नसतेत. दावं गेलं की दावण रिकामी व्हते."

"अहो, ते दावं नाय, टो-बार हाय!"

"नाकाला लावून वढतेत ना? मग?"

मला तोंड असतं तर मी खदखदून हसलो असतो. आणि खरं सांगतो, रडलोही असतो. माझं काहीतरी आपल्याजवळ राहावं, असं आजवर कुणालाच वाटलं नव्हतं.

"बाबा, सौदा मोडंल. माणसं घरी बसतील," तनुजाताईंनी हातातलं घड्याळ पुढे केलं. तात्यांचं तोंड उतरलं. "आणतो," ते म्हणाले, पण पाय जागचा हलेना.

"थांबा," मेघाताई म्हणाल्या. "रीत मला बी ठाव हाय. नवं दावं घेणाऱ्यानंच आणायचं असतंय. चुकलं माझंच. पण दिवस मावळायच्या आत आणू कुठून?"

तात्या एकदम ताठ झाले. "मग आपला कारखाना कशाला हाय?"

गोठ्यात जाऊन दांड्याची मापं घेतली गेली. ज्या जुन्या मशीनवर नवे भाग निघत नव्हते, त्यांनीच दुपारभर खपून माझं नवं दावं घडवलं. ऊन पिवळं होताना टेम्पो आला. दांड्याचा रंग अजून ओला होता. तात्यांनी माझ्या नाकाला हळदकुंकू लावलं, "जा बाबा पांढऱ्या" म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसत वळले. मी मागे सरकलो.

आता कारखान्यात नव्या मशीन आल्या आहेत आणि माझ्या पोटात सोफ्याच्या जागी स्ट्रेचर आहे. चिवडा कुणी खात नाही, माणसं एकमेकांचे हात धरून बसतात. काम नसलं की मी या जुन्याच जागी उभा असतो. भाडं भरायचं मेघाताईंनी आणि गोंजारायचं तात्यांनी, अशी वाटणी आहे. बघणाऱ्याला तात्या छाती काढून सांगतात, "आपलाच हाय."

तुम्हीही काय विकायचं ते विका, फक्त खोड सांगून विका. बरं, फोन वाजलाय. जालन्याच्या कुणाला तरी तातडीने मुंबईला न्यायचं आहे. तात्या दाराला समजावतायत, "आज रुसू नगं." जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. दावं अजून त्यांच्याच गोठ्यात आहे.