घोळीची भाजी कुठून येते

मोरीत काहीतरी टक्कन पडलं आणि गरगरत उंबऱ्यापर्यंत आलं. दुपारची वेळ. घर जेवून आडवं झालेलं, वरच्या खोल्यांतल्या भाडेकरू पोरी क्लासला गेलेल्या. ऋतुजानं वाकून उचललं तर पिवळं प्लास्टिकचं झाकण. बोटांना वास लागला. हा वास तिच्या ओळखीचा होता. सोयाबीनमध्ये फवारून आला की माहेरी भाऊ अंगणातच कपडे उतरवायचा, तो वास. बादलीमागं डबा होता, निम्मा रिकामा. शेजारी पाठीवरचा पंप, अजून ओलाच.

ती मागच्या दारात गेली. परसात घोळ, तांदुळजा, आघाडा, सगळं सकाळसारखंच हिरवंगार. फक्त पानांवर पांढुरके ठिपके वाळलेले. सकाळी घोळ खुडताना तिनं ते बघितले होते. आमच्या लातूरचं बोअरचं पाणी, जिथं पडेल तिथं पांढरं होतं, असं म्हणून धुऊन, लसूण-डाळ घालून शिजवलीसुद्धा. इरानं भाकरी कुस्करून पोटभर खाल्ली होती. पाच वर्षांची पोर, आता आजोबांच्या धोतराचं टोक मुठीत धरून झोपली होती.

भूकंपात गाव पडलं तेव्हा ऋतुजा इराएवढीच होती. पत्र्याच्या शेडात राहत होते तेव्हा मदतीच्या ट्रकमधून तांदूळ आला, चादरी आल्या, कुणाकुणाचे जुने कोट आले. पालेभाजी कोण पाठवणार? तिची अव्वा, म्हणजे आई, शिवम्मा, शेडामागच्या चिखलातली घोळ खुडून आणायची. लग्न होऊन लातुरात आली आणि परसात तीच घोळ दिसली, तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं तिला. मेसचं तिखट खाऊन वरच्या पोरींचं तोंड आलं की ती वाटीभर पातळ भाजी वर पाठवायची. इराचा गुडघा फुटला की परसातल्याच एकदांडीचा पाला चुरून दाबायची. आज वर वाटी गेली नव्हती, तेवढंच नशीब.

तिनं सासऱ्यांना हलवून उठवलं. सिद्धलिंगअप्पा, निवृत्त मास्तर, डोळे चोळत बसले.

“अप्पा, परसात काय फवारलंत?”

“तण मारलं. काल तू माहेरी होतीस तवा. ॲडमिशनचे दिवस हायत, पोरींचे आई-बाप खोल्या बघायला यायलेत. मागं ते रान बघून काय म्हणतील?”

“मला सांगायचं नाही?”

“त्यात काय सांगायचं? गवत कोण खातंय?”

“तुम्ही खाल्लंत. सकाळी. दुसऱ्यांदा मागून घेतलंत.”

अप्पा हसायला गेले. ती घोळीची भाजी होती, मंडईतली, असं म्हणाले. आणि म्हणता म्हणता मागच्या दाराकडं बघत राहिले.

ऋतुजाची कानशिलं तापली. इतकी वर्षं या घरानं बोटं चाटून खाल्लं आणि कुठून येतं हे एकदाही विचारलं नाही. ताटात आली की भाजी, परसात उगवली की कचरा. महालक्ष्म्यांच्या पूजेला मात्र आघाडा याच कचऱ्यातला चालायचा.

नवरा मन्मथ क्लासवर शिकवत होता, फोन बंद. तिनं डबा पिशवीत घातला, झोपलेल्या इराला खांद्यावर टाकलं आणि रिक्षा थांबवली. अप्पा न बोलावता चपला अडकवून मागं आले.

डॉक्टरांनी डब्यावरचं वाचलं, इराला तपासलं. पोटात फार गेलेलं दिसत नाही म्हणाले, पण उलटी झाली, पोर सुस्तावली तर लगेच आणा, घरचे काही उपाय करू नका. मग डबा परत देताना हसले. “ताई, शिकल्यासवरल्या दिसता. लेकराला गवत कशाला घालायचं? पालक मिळत नाही का?”

“डॉक्टर, मी भाजी घातली. विष मी घातलं नाही. ज्यांनी घातलं त्यांना बोला, ते माझ्या मागंच उभे आहेत.”

अप्पांनी खुर्ची ओढली आणि मनगट पुढं केलं. “मी बी खाल्लंय,” ते म्हणाले. “माझं बी बघा.”

संध्याकाळभर ते इराला पोट दुखतंय का विचारत राहिले, शेवटी पोरच वैतागली. तिला काही झालं नाही. ऋतुजा तिच्या अंगावरून हात फिरवत बसली, पण राग काही उतरेना. लेकरू वाचलं म्हणून त्यांचं न सांगणं कसं माफ करायचं?

आठवडा सरता सरता घोळीचे लाल देठ काळे पडून मातीला चिकटले. अप्पा रोज मंडईतून पालक आणून ओट्यावर ठेवायचे, काही न बोलता. ती शिजवायची, काही न बोलता.

मग एका सकाळी इरा परसात उकिडवी बसलेली दिसली. मुंग्यांची रांग घोळीचं मोहरीहून बारीक बी उचलून भिंतीतल्या भोकात नेत होती. ऋतुजानं धावत जाऊन तिला उचललं, हात लावू नको, इथं विष पडलंय म्हणाली.

इरा तिच्या खांद्यावरून खाली बघत राहिली.

“आई, मुंग्यांना कुणी सांगितलं का?”