गाळलेलं ऊन

“हे आकडे आपण का गाळले होते?” ढगबाईंनी स्वतःलाच विचारलं.

ढगांतून ऊन कसं विखुरतं, त्यातलं किती जमिनीवर पोचतं, याचं गणित संगणकावर मांडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. म्हणून तर संस्थेत सगळे त्यांना ढगबाई म्हणत. नवऱ्यानेही ते नाव उचललं होतं. निवृत्तीआधी आपलं मॉडेल रोजच्या हवामान अंदाजात वापरलं जावं, एवढीच त्यांची इच्छा. आज काय ते सांगतो, असं साहेब म्हणाले होते.

आणि नेमकी आजच ही चूक हाती लागली. गच्चीवरचं ऊन मोजायचं यंत्र कधीकधी निरभ्र दिवसापेक्षाही जास्त ऊन दाखवायचं. आभाळात ढग असताना ऊन वाढेल कसं? यंत्राचं डोकं फिरलंय, असं ठरवून बाईंनी तरुणपणीच संगणकाला सांगून ठेवलं होतं, असले आकडे गाळायचे. तोही बिचारा इमानेइतबारे गाळत राहिला. यंत्र मात्र बरोबर होतं. विरळ ढगांच्या कडांवरून उडालेला उजेड सरळ उन्हात मिसळतो आणि खाली खरंच जास्त ऊन पडतं. खऱ्या उन्हाला खोटं ठरवून बाईंनी सगळा डोलारा उभा केला होता.

गप्प बसता आलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्यांना राहवेना. साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं.

साहेब वयाने लहान आणि स्वभावाने गरीब. त्यांनी बाईंना बसवलं, पाणी दिलं.

“मॅडम, मनाला लावून घेऊ नका. तुमचं मॉडेल घ्यायचं नाही, हे मागच्याच वर्षी ठरलंय. बाहेरून तयार आणलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. आज तेच सांगणार होतो.”

“म्हणजे माझ्या या चुकीने...”

“काहीच बिघडलं नाही. निश्चिंत राहा.”

त्यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांची चूकसुद्धा कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

संध्याकाळी नवरा दार उघडूनच उभा होता. बाईंनी जिन्यातच सांगितलं, मोठी चूक झाली, अगदी पहिल्यापासूनची. तो घाबरला.

“साहेब रागावले का गं?”

“नाही.”

“मग झालं तर. कुणाचं काही बिघडलं नाही ना?”

“कुणाचंच नाही,” बाई म्हणाल्या आणि खांद्याची पर्सही न काढता पायरीवरच बसल्या.