पांढऱ्या फडक्याची परीक्षा

थोरल्या नातीचे पुढचे दोन दात पडले आणि त्याच आठवड्यात तिला भाऊ झाला, त्या वर्षाची ही गोष्ट. रंगारी आबा निळीचं पिंप ढवळायचं अर्धवट सोडून घराकडे धावले, तर दारातच नात आडवी. वय सहा. तिचं खरं नाव घरातले जवळजवळ विसरले होते; सगळे तिला फौजदार म्हणत.

"आबा, हात दाखवा."

आबांनी दाखवले. चाळीस वर्षं सूत रंगवून ते कोपरापर्यंत निळे झाले होते.

"शी! शाळेत बाईंनी सांगितलंय, घाणेरड्या हातांनी बाळाला घ्यायचं नाही. साबण लावून वीस आकडे म्हणायचे."

आबा मोरीत गेले. वीस कसले, दोनशे आकडे झाले. साबण झाला, राख झाली, लिंबू झालं, अंगणातला खरबरीत दगडही झाला. निळा रंग जागचा हलेना.

"नापास," दातांच्या फटीतून हवा सोडत फौजदार म्हणाली.

आठ दिवस हेच. आजीने बाळाला घेतलं, शेजारणीने घेतलं, पत्र द्यायला आलेल्या पोस्टमननेसुद्धा हात धुऊन घटकाभर मांडीवर घेतलं. आबा मात्र चौकटीला टेकून लांबूनच चुटक्या वाजवायचे.

"अगं, सोड की. आजोबा आहेत ते," आबांचा मुलगा म्हणाला.

"मग तर जास्तच धुवायला हवेत. मळ किती जुना असेल!"

नवव्या दिवशी आबा पिंपाशी उकिडवे बसले असताना एकदम ताडकन उठले आणि घरी आले.

"फौजदार, ऐक. गिऱ्हाइकाला संशय आला की मी रंगवलेल्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून दाखवतो. फडक्याला काही लागलं तर माझी चूक. नाही लागलं, तर तो रंग त्या कापडाचाच. आता माझे हात घासून बघ."

फौजदाराने नाकावर बोट ठेवून विचार केला. आईकडून फडकं आणलं, भिजवलं. आबा ऐटीत बसले. हाताची पाठ घासली, फडकं पांढरं. मनगट, पांढरं. आबांनी बाळाकडे बघून डोळा मारला.

मग तिने नखं घासली. काळी रेघ. डावा तळवा घासला. तिथे तपकिरी डाग.

"हे तर निळं नाही," फौजदार म्हणाली आणि तिने फडकं हुंगलं. "आजी, हा कसला वास?"

आजी पदराला हात पुसत आली. "तंबाखू! गेल्या वर्षीच सोडली होती ना तुम्ही?"

"ती... जरा कापडाला लागते."

"कापड तंबाखू खातं?" फौजदाराने विचारलं.

आबांच्या मुलाला हसू आवरेना. आबांनी खाली मान घालून कनवटीची डबी काढली, आजीच्या हातात दिली आणि नखं कापायला बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा. नखं, तळवा, बोटांच्या बेचक्या. फौजदाराने फडकं उलटसुलट करून उजेडात धरलं, आईला दाखवलं, आणि मग कुठे दारातून बाजूला झाली.

"वीस आकडे होईपर्यंतच घ्यायचं हं."

आबांनी त्या निळ्या ओंजळीत नातवाला घेतलं. एक, दोन, तीन... सगळे ऐकत होते. एकोणीस झाले, आणि पुढचा आकडा आबांना काही केल्या आठवेना.

फडकं मोरीतल्या खिळ्यावर कायमचं टांगलं गेलं. बाईंनी तसंच एक वर्गात लावलं, मग मुलांनी गल्लीभर तीच परीक्षा सुरू केली. सगळ्यांत आधी नापास झाले ते औषधाच्या दुकानातले काका. आबांनी डबी पुन्हा मागितली नाही, म्हणजे दोनदाच मागितली.

नातू शाळेत जाऊ लागला त्या वर्षी, थंडी सरता सरता, रंगारी आबा वारले. हात शेवटपर्यंत निळेच होते.