दिव्याच्या तारेवरचा पंखा

बटण बंद केल्यावर माझी पाती थांबायला सतरा सेकंद लागतात. सुमनबाईंनी एकदा घड्याळ लावून मोजले होते. शेवटच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक पाते वेगळे दिसू लागते आणि त्याच्या कडेची काजळीही दिसते.

मित्रांनो, मी धुळ्यातल्या एका न्हाणीघराचा जुना पंखा. भिंतीच्या गोल भोकात बसतो. माझे एक तोंड न्हाणीत, दुसरे अंगणात. मी कोणाला वारा घालत नाही. आतली कोंदट हवा बाहेर टाकतो.

१९८७ च्या हिवाळ्यात मगनभाऊंनी मला जळगावहून एसटीत मांडीवर ठेवून आणले. घरात तेव्हा पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबावरून वाद चालला होता. बंब त्यांच्या आईच्या, केसरबाईंच्या माहेरचा, भडगावचा. तो न्हाणीतच पेटे. सून सुमनबाई शाळेत विज्ञान शिकवत. त्या म्हणत, "बंद जागेत कोळसा नको. बंब अंगणात ठेवू."

"मना माहेरना बंब अंगनमा? कोनी उचली लई गया ते?" सासूबाई विचारत.

दोघींच्या मध्ये मगनभाऊ. ते म्हणत, "बघू." असे तीन हिवाळे गेले, आणि चौथ्या हिवाळ्यात, बंब तिथेच असताना, मी आलो.

मला बसवायला अन्वरभाई वायरमन आले. "भाभी, अलग बटण दिलं तर कोणी दाबणार नाही," ते म्हणाले. "याला दिव्यावरच घेतो. दिवा लागला की पंखा चालू. विसरायचं कामच नाही."

दिव्याच्या बटणातून येणाऱ्या तारेला त्यांनी माझी तार जोडली आणि बटण दाबले. दिवा आणि मी एकाच क्षणी जागे झालो. तीच वीज दिव्यात उजेड झाली आणि माझ्यात गती! इतकी वर्षे झाली, ते नवल अजून ओसरलेले नाही. सगळ्यांनी माझे कौतुक केले. संध्याकाळची वेळ होती, म्हणून छपरातल्या काचेच्या कौलाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कौलातून लख्ख ऊन आत आले. दिवा लावायची गरजच उरली नाही, आणि दिवा नाही म्हणून मीही थांबलेला. सुमनबाईंनी बटण दाबले, तशा केसरबाई म्हणाल्या, "भरदिवसा दिवा कसाले लावस? मास्तरीनबाई, सूर्यले बी दिवा दखाडशी का?"

अंधार असताना आंघोळ करणाऱ्यांसाठी मी फिरे. केसरबाई दहा वाजता न्हात. त्यांच्यासाठी कधीच नाही.

पौषातल्या एका रविवारी फार गारठा होता. केसरबाईंनी दार घट्ट लोटून घेतले. बंबात निखारे लाल होते. धूर नव्हता. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. माझ्या थांबलेल्या पात्यांमध्ये तो भरून राहिला, तरी मलाही कळले नाही. अदृश्य हवेत एवढे बळ असते, हे मी त्या दिवशी पाहिले. केसरबाईंचे डोके भिंतीला टेकले. हातातला तांब्या घरंगळला.

त्या आवाजाने सुमनबाई धावल्या. कडी लावलेली नव्हती. त्यांनी सासूबाईंना लुगड्यात गुंडाळून ओढतच अंगणात आणले आणि मग दिव्याचे बटण दाबले. मी कधी नव्हे इतका जीव तोडून फिरलो.

अंगणात खाटेवर केसरबाईंचा श्वास हळूहळू खोल होत गेला. काही वेळाने त्यांनी डोळे उघडले. मगनभाऊ डॉक्टरांना घेऊन आले.

मित्रांनो, यंत्र घरात आणले म्हणजे काळजी संपत नाही. मला फिरवत जा, माझी काजळी पुसत जा. पण बंद खोलीत निखारे ठेवून माझ्या भरवशावर राहू नका.

डॉक्टर गेल्यावर सुमनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मगनभाऊ चाचरत म्हणाले, "बघू, पुढल्या रविवारी..."

"रविवार नही, आते," खाटेवरून केसरबाई म्हणाल्या. "मना माहेरना बंब शे, मीच सांगस. बाहेर काढ त्याले."